हायडनची क्वार्टेट्स: कुठलं रेकॉर्डिंग घ्यावं आणि ऐकताना कान कुठे ठेवावा

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा निवांत बसून सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही आयुष्यभर ख्याल ऐकलाय, आता अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या स्ट्रिंग क्वार्टेट्सकडे (दोन व्हायोलिन्स, एक व्हायोला, एक चेलो यांच्यासाठीच्या रचना) वळलात, 'एम्परर' म्हणतात ते क्वार्टेट (ओपस ७६, नंबर ३; ओपस म्हणजे छापलेल्या संचाचा क्रमांक) तीन वेगवेगळ्या ग्रूप्सचं ऐकलंत आणि तिन्ही इतकी वेगळी निघाली की काही कळेना. एकात अख्खी पट्टीच उतरलेली, एकात पहिला भाग दुसऱ्यापेक्षा जवळजवळ तीन मिनिटं लांब, एकात व्हायोलिनच्या स्वरावर कंप म्हणून नाही, सगळं सरळ आणि कोरडं. मग यातलं खरं कुठलं, आतड्याच्या तारांवर जुन्या पद्धतीनं वाजवणाऱ्यांचं घ्यावं की आजच्या वाद्यांवरचं, आणि पुढे ऐकायला सुरुवात कुठून करावी.

मी व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण जरा मोठं आणि खालच्या आवाजाचं वाद्य. लहानपणी पुण्यात गोव्याच्या एका मास्तरांकडे व्हायोलिन शिकले, पुढे शिकायला इंग्लंडला आले, तिथे एका क्वार्टेटमध्ये व्हायोलावाला हवा होता म्हणून व्हायोला हातात घेतला तो आजतागायत सुटला नाही. सव्वीस वर्षं झाली. दोन्ही प्रकारच्या तारांवर वाजवते, चार रेकॉर्डिंग्जना बसलेय. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते व्हायोलाच्या खुर्चीतून जसं दिसतं तसं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. तारा कुठल्या, गज कुठला, पट्टी कुठली यावरून रेकॉर्डिंग निवडू नका, दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला काय करतायत ते ऐकून निवडा. पहिलं व्हायोलिन सगळीकडेच चांगलं असतं हो, त्या पातळीवर पोचल्याशिवाय कोणी रेकॉर्ड करतच नाही. खरा फरक मधे पडतो. मधले दोघं जे सारखे तेच तेच स्वर टक टक टक टक वाजवत असतात ना, ज्याला आपण साथ म्हणून सोडून देतो, ती साथ जर श्वास घेत असेल, वाक्याच्या शेवटी हलकी होत असेल, पहिल्या व्हायोलिननं जरा थांबून घेतलं की तीही थांबत असेल, तर ते रेकॉर्डिंग बिनधास्त घ्या. आणि ती साथ जर शिलाई मशीनसारखी एका मापानं चाललेली असेल तर वरचा वाजवणारा कितीही मोठा असला तरी दहा वेळा ऐकल्यावर तुम्हाला त्यात काही उरणार नाही. तबलजी समेला नुसता पोचतो का गायकाबरोबर येतो हे तुम्हाला दोन आवर्तनांत कळतं, तोच कान इथे लावायचा.

हे मी व्हायोलावाली म्हणून स्वतःच्या वाद्याची बाजू घेतेय असं वाटेल, पण हे संगीत मुळात चौघांनी आपापसात वाजवायला लिहिलेलं. व्हिएन्नातल्या १७८४ च्या एका बैठकीची आठवण मायकेल केली नावाच्या आयरिश गायकानं लिहून ठेवलीय, तिथे पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं डिटर्सडॉर्फ, चेलोवर व्हानहाल आणि व्हायोलावर मोझार्ट. चौघंही संगीतकार! व्हायोलिनचा एवढा मोठा वादक असून मोझार्ट अशा बैठकीत मधे, व्हायोलावर बसला, कारण तिथून चारही बाजूचं ऐकू येतं. मी रोज तिथे बसते म्हणून सांगते, डावीकडून व्हायोलिन्स, शेजारून चेलो, आणि आपल्या एका स्वरावर वरच्याचा रंग बदलतो. ज्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकणाऱ्याला ही जागा मिळते ते माझ्या मते चांगलं रेकॉर्डिंग.

आता तुमच्या एकेका शंकेकडे येते. पट्टीचं सोपं आहे. आज बहुतेक ठिकाणी ए हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात, युरोपात काही ठिकाणी अजून एखाद-दोन अंकांनी वर. जुन्या वाद्यांवर या काळातलं संगीत वाजवणारे साधारण ४३० ला लावतात. फरक किती, तर कोमल आणि शुद्ध स्वरात जेवढं अंतर त्याच्या निम्म्याहून जरा कमी. तुमच्या लगेच लक्षात आलं कारण तुमचा कान तयार आहे, बऱ्याच लोकांना ते नुसतं 'जरा मऊ' वाटतं. पण म्हणून ४३० ला खरं आणि ४४० ला खोटं म्हणू नका, अठराव्या शतकात गावोगाव पट्टी वेगळी होती आणि ४३० हा आजच्या वाजवणाऱ्यांनी सोयीसाठी ठरवून घेतलेला आकडा आहे. काळी एक की काळी दोन यावरून यमन खरा-खोटा ठरत नाही, तसंच.

लांबीचा फरक मात्र नुसत्या लयीचा नाहीये. या क्वार्टेट्सचा पहिला भाग बहुतेक वेळा दोन तुकड्यांत लिहिलेला असतो आणि दोन्ही तुकड्यांना पुन्हा वाजवा अशी खूण असते. एलपीच्या काळात एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मावायची त्यामुळे दुसरा तुकडा परत न घेण्याची सवय पडली, कित्येकदा पहिलाही गाळायचे. अलीकडचे ग्रूप बरेचदा दोन्ही घेतात, तिथेच तुमची तीन मिनिटं गेली. मी दोन्ही घ्याव्यात या मताची आहे, एका अटीवर, की परत येताना ओळ तीच पण वजन वेगळं पाहिजे, आपल्याकडे गायक स्थायीची ओळ दुसऱ्यांदा टाकताना तिला जसा वेगळा उजेड देतो तसं. आणि एम्परर क्वार्टेटमध्ये तर दुसरा तुकडा परत घेण्याला एक खास कारण आहे, त्यात मधेच खाली व्हायोला आणि चेलो पंचमाचा जोड धरून बसतात, तंबोऱ्यासारखा, आणि वर दोन्ही व्हायोलिन्स खेड्यातल्या नाचासारखं काहीतरी उधळतात. पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो, दुसऱ्यांदा वाट बघतो. तो आनंद कापून टाकायचा म्हणजे फार झालं.

तारा आणि गज यावर जरा जास्त लिहावं लागेल कारण इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. आतड्याच्या म्हणजे गट तारा मेंढीच्या आतड्यापासून करतात, खालच्या जाड तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. स्वर सुरू होताना त्यात एक किंचित खर येते, 'ह' म्हणताना घशातून हवा येते तशी, आणि मग स्वर उघडतो. स्टीलच्या किंवा आजच्या सिंथेटिक तारेवर स्वर लगेच चमकतो. हवेतला ओलावा बदलला की गट तार उतरते-चढते, सारखी लावावी लागते. पण लक्षात घ्या, व्हायोलिनची सर्वात वरची तार स्टीलची वापरायची पद्धत सर्रास झाली ती विसाव्या शतकात, त्याआधी सगळेच गटवर वाजवायचे, त्यामुळे 'जुनं' आणि 'आधुनिक' यातली भिंत वाटते तेवढी पक्की नाही.

माझ्या अनुभवात तारेपेक्षा गजानं जास्त फरक पडतो. हायडनच्या वेळचा गज हलका, त्यात स्वर आपोआप फुगतो आणि विरतो. आजचा गज टोकापर्यंत सारखा जोर देतो, तो मुद्दाम तसाच घडवलाय, मोठ्या हॉलमध्ये लांब सूर धरता यावा म्हणून. हायडनच्या कागदावर दोन-दोन स्वरांच्या छोट्या कमानी सतत दिसतात, पहिला स्वर जड दुसरा हलका, हलक्या गजानं ते न ठरवता होतं, आजच्या गजानं प्रत्येक वेळी दुसऱ्या स्वरावर हात मुद्दाम उचलावा लागतो आणि दोनशे वेळा उचलल्यावर ते ठरवलेलं ऐकू यायला लागतं. म्हणूनच स्पेनच्या कासाल्स क्वार्टेटनं या काळाच्या संगीतासाठी जुन्या घडणीचे गज घेतले तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं. त्यांचं हायडनच्या ओपस ३३ चं रेकॉर्डिंग मी विद्यार्थ्यांना नेहमी ऐकवते.

आता कंप म्हणजे व्हायब्रेटो. मोझार्टच्या वडिलांनी, लिओपोल्ड मोझार्टनी, १७५६ मध्ये व्हायोलिन शिकवायचं पुस्तक लिहिलं त्यात ते तक्रार करतात की काही लोक प्रत्येक स्वर असा थरथरवतात जणू सारखा ताप भरलाय. म्हणजे दोन गोष्टी कळतात, कंप तेव्हाही होता, आणि तो सगळीकडे लावणं चांगल्या लोकांना आवडत नव्हतं. पण बिनकंपाचं वाजवणं म्हणजे आपोआप खरं असंही नाही. इथे मला एक अनुभव सांगायचाय.

काही वर्षांपूर्वी आम्ही हायडनचं ओपस ३३ नंबर २ रेकॉर्ड करत होतो, एका गावाबाहेरच्या चर्चमध्ये, हिवाळ्यात. हीटरची घरघर माइकमध्ये येते म्हणून टेक चालू असताना हीटर बंद, दोन टेकच्या मधे चालू, आणि आम्ही सगळे बोटं काखेत धरून बसलेलो. त्या क्वार्टेटच्या संथ भागाची सुरुवात फक्त व्हायोला आणि चेलो करतात, दोन्ही व्हायोलिन्स गप्प, मग तेच गाणं ती दोघं वर घेतात. व्हायोलावाल्याला असं पान क्वचित मिळतं. मी आणि आमचा चेलोवाला अगदी जीव ओतून वाजवलं. मग आत जाऊन हेडफोनवर ऐकलं तर सगळं एकदम धूसर. दोघांचे स्वर बरोबर, लय बरोबर, तरी काहीतरी काचेवर वाफ धरल्यासारखं. प्रोड्यूसरनं तोच तुकडा चार वेळा लावला आणि चौथ्यांदा आम्हाला ऐकू आलं, माझा कंप वेगात, त्याचा संथ आणि रुंद, आणि एकाच सुरावटीत दोन कंप एकमेकांवर घासत होते. वाजवताना कळलं नव्हतं, कारण आपण आपलंच ऐकत असतो.

बरं, मग दोघांनी कंप पूर्ण काढला. आता धूसरपणा गेला पण सूर उघडा पडला, आमचे गंधार चढे होते ते सगळे दिसायला लागले, आतापर्यंत कंपाखाली झाकलेले. मग पाऊण तास आम्ही दोघांनी रेकॉर्डिंग थांबवून नुसते जोडस्वर लावले, एक एक, न हलवता, हवेत तिसरा स्वर घुमायला लागेपर्यंत. त्यानंतर जो टेक घेतला त्यात वाक्याच्या एका टोकाला त्यानं अगदी थोडा कंप दिला आणि मी नाही दिला, आणि तोच शेवटी डिस्कवर गेला. म्हणून कुणी मला विचारलं की कंप असावा का, तर माझं उत्तर, आधी सूर लागला का ते बघा, मग कंप कुठे हवा ते तिथेच कळतं.

सुरावरून आठवलं, तुमच्यासारख्या ऐकणाऱ्याला इथे जो फायदा आहे तो युरोपातल्या बऱ्याच श्रोत्यांनाही नसतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार, तो तुमच्या कानात आहे. आता क्वार्टेटमध्ये बघा. चेलोची सर्वात खालची तार सी, तिला सा धरा. त्यावर जी, डी, ए आणि व्हायोलिनची वरची तार ई, म्हणजे एकावर एक चार पंचम. हे चारही पंचम तुम्ही अगदी शुद्ध लावत गेलात तर वर जो ई मिळतो तो त्या सी च्या स्वयंभू गंधारापेक्षा साधारण २२ सेंट चढा येतो, कोमल-शुद्धमधल्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त. म्हणजे प्रत्येकानं आपलं वाद्य बरोबर लावलं तरी चौघं मिळून बेसूर! म्हणून क्वार्टेटवाले पंचम केसभर आवळून लावतात, आणि शिवाय प्रत्येक जोडस्वरात बोट कुठे ठेवायचं ते वाजवता वाजवता ठरवतात. एम्परर क्वार्टेट सी मेजरमध्ये आहे, त्यात हे सारखं समोर येतं. चांगल्या ग्रूपच्या संथ भागात एखादा लांब जोडस्वर आला की आवाज अचानक रुंद होतो, जणू पाचवं वाद्य आलं, ते तुम्ही नक्की ओळखाल. व्हिएन्नाच्या क्वार्टेट मोझाईकच्या रेकॉर्डिंग्जमध्ये हे मला सर्वात जास्त मिळतं. हे चौघं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून गट तारांवर एकत्र वाजवतायत, आणि त्यांच्या हातात गट तार कोरडी वाटतच नाही, मखमली वाटते. तुम्हाला जो कोरडेपणा टोचला तो तारेचा नसून त्या रेकॉर्डिंगमध्ये माइक किती जवळ होते आणि खोली कशी होती याचाही असू शकतो. माइक जवळ असले की गजाची खरखर, वाजवणाऱ्याचा श्वास सगळं येतं, लांब असले की चर्चचा घुमार येतो आणि मधल्या वाद्यांची वाक्यं त्यात विरघळतात. वाईट ग्रूप आणि वाईट माइक यात घोटाळा करू नका, त्याच ग्रूपचं दुसरं काहीतरी ऐकून मग मत बनवा.

आता काय ऐकावं. एम्पररचा दुसरा भाग घ्या, तुमच्याकडे आहेच. हायडननं १७९७ मध्ये सम्राट फ्रान्झसाठी एक गीत केलं, ते सम्राटाच्या वाढदिवशी १२ फेब्रुवारीला गायलं गेलं, आज तीच चाल जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे. ती चाल त्यानं या क्वार्टेटमध्ये घेतली आणि तिला हातही न लावता चौघांत फिरवली. आधी पहिलं व्हायोलिन. मग चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे आणि पहिलं तिच्यावर बारीक वेलबुट्टी काढतं, बाकीचे दोघं गप्प. मग चेलो. मग व्हायोला. मग परत पहिलं व्हायोलिन, पण खाली स्वरांची रचना आता वेगळीच, दाट. चाल एक अक्षर बदलत नाही, भोवतालचं सगळं बदलतं. बडा ख्याल ऐकणाऱ्याला बंदिशीचं हे फिरून फिरून येणं समजावून सांगायला लागत नाही.

यात दोन ठिकाणी कान द्या. एक, दुसऱ्या व्हायोलिनची पाळी. कागदावर पहिल्या व्हायोलिनचे स्वर चौपट आहेत, पण गाणं दुसऱ्याचं आहे. वेलबुट्टी वर आली की सगळं बिघडलं. बऱ्याच जुन्या रेकॉर्डिंग्जमध्ये तेच होतं, पहिल्या व्हायोलिनवाल्याला आवरतच नाही. दुसरं, व्हायोलाची पाळी. तिथे वर दोन्ही व्हायोलिन्स अर्ध्या-अर्ध्या पायरीनं सरकत असतात, सुरांत एक अस्वस्थपणा असतो, आणि मधे व्हायोलाला ही साधी सरळ चाल न डगमगता न्यायची असते. मी ती पन्नासेक वेळा तरी लोकांसमोर वाजवली असेन, अजूनही पहिल्या स्वराआधी हात गार पडतो.

यासाठी तीन रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवून ऐका. कियारोस्क्युरो क्वार्टेटचं, गट तारांवरचं, बिस लेबलवर आहे, त्यांचा हळू आवाज इतका हळू असतो की माणूस खुर्चीत पुढे सरकतो. कधीकधी ते वाक्य फारच कुजबुजून टाकतात, मला सगळीकडे पटत नाही, पण त्यांचं मधल्या वाद्यांवरचं प्रेम खरं आहे. टाकाच क्वार्टेटचं डेक्कावरचं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचं, मूळच्या बुडापेस्टच्या चौघांचं, आधुनिक वाद्यं, त्यात नाचाच्या जागा काय उसळतात! आणि कोडाय क्वार्टेटचं नॅक्सॉसवरचं, हेही हंगेरियन, साधं, न सजवलेलं, स्वस्तात मिळायचं म्हणून लोक त्याला कमी लेखतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. हायडन आयुष्याचा मोठा भाग एस्तरहाझी घराण्याच्या नोकरीत, हंगेरीच्या बाजूला राहिला, तिथल्या गाण्याबजावण्याचा वास त्याच्या क्वार्टेट्समध्ये जागोजाग आहे, आणि या दोन ग्रूप्सना तो कुणी शिकवावा लागत नाही. ओपस ५४ नंबर २ चा संथ भाग ऐका, खाली तिघं स्तोत्रासारखं काहीतरी संथ वाजवतात आणि वर पहिलं व्हायोलिन जणू तालाबाहेर आलापी करत भटकतं. आपल्या माणसाला ते लगेच भिडतं, मी कितीतरी जणांना ऐकवून बघितलंय.

तिथून ओपस २० ला जा, १७७२ मधली सहा क्वार्टेट्स. यातल्या नंबर २ ची सुरुवातच चेलो गाणं घेऊन करतो, खालचा आधार द्यायचं काम व्हायोलाकडे, आणि पहिलं व्हायोलिन चक्क वाट बघत बसलेलं. तीन क्वार्टेट्सच्या शेवटी फ्यूग आहेत, म्हणजे एकच वाक्य एकामागून एक सगळे उचलतात, आणि तिथे हायडननं अगदी हळू आवाजात वाजवा असं लिहिलंय. हे हळू वाजवणं सगळ्यात अवघड, हात आपोआप जोर करायला लागतो. इथे मी मोझाईक सांगेन, डोळे झाकून. आधुनिक वाद्यांवर ऐकायचं असेल तर डोरिक क्वार्टेटचं शँडॉसवरचं, ते वाक्यं खूप ताणतात आणि आवळतात, कुणाला ते जास्त वाटेल, मला त्यांची हिंमत आवडते.

ओपस ७१ आणि ७४ ही १७९३ मधली, लंडनच्या जाहीर मैफलींचा विचार करून लिहिलेली, म्हणून ती सुरुवातीलाच मोठा ठोका देऊन सुरू होतात, गप्पा मारणाऱ्या लोकांना गप्प करायला. इथे चौघांच्या खाजगी बैठकीचा आवाज चालणार नाही, हॉल भरणारा आवाज पाहिजे. टाकाच क्वार्टेटनं, आता वेगळे सदस्य घेऊन, ही सगळी हायपेरियनसाठी वाजवलीयत ती घ्या. हायपेरियनची रेकॉर्डिंग्ज पूर्वी स्ट्रीमिंगवर नव्हती, २०२३ पासून यायला लागली, त्यामुळे लंडन हायडन क्वार्टेटही आता भारतात बसून सहज ऐकता येतं. हे लोक गट तारांवर वाजवतात, त्या काळच्या छापील प्रती समोर ठेवून, आणि लय इतकी सावकाश घेतात की पहिल्या दिवशी कंटाळा येईल. दोन आठवड्यांनी परत ऐका.

सगळ्या ६८ क्वार्टेट्सचा अख्खा संच घ्यायची घाई मात्र करू नका. एओलियन क्वार्टेटनं १९७०च्या दशकात तो मोठा प्रकल्प केला, नंतर एंजेलिस, कोडाय, ऑरिन यांनी केला, जुन्या वाद्यांवर बुडापेस्टच्या फेश्टेटिच क्वार्टेटनं अगदी सुरुवातीची सोडून बाकीची केली, सगळे ऐकण्यासारखे आहेत. पण कपाटात वीस-एकवीस सीडी एकदम आल्या की माणूस पहिल्या तीन ऐकतो आणि थांबतो. एक ओपस घ्या, सहा क्वार्टेट्स, महिनाभर तीच ऐका. अमाडेउस क्वार्टेटचं नाव तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते, त्यांच्यावर माझं फार प्रेम आहे, पुण्याच्या मास्तरांकडे त्यांचीच एलपी होती, चाळीस वर्षं तेच चौघं वाजवत राहिले आणि १९८७ मध्ये व्हायोलावाले पीटर शिडलॉफ गेले तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्या जागी कुणाला न घेता ग्रूप बंद केला. पण हायडनसाठी सुरुवात तिथून नको, तो आवाज फार गोड आणि पहिल्या व्हायोलिनकडे झुकलेला आहे, कानाला तीच सवय लागेल.

मोझार्टकडे जाल तेव्हा हायडनला अर्पण केलेली सहा घ्या, १७८५ मध्ये छापलेली. त्यातल्या शेवटच्याला 'डिसोनन्स' म्हणतात. सा धरा सी ला, चेलो खाली सा ठोकत राहतो, व्हायोला कोमल धैवतावर येतो, तो पंचमावर उतरतो न उतरतो तोच पहिलं व्हायोलिन वरून शुद्ध धैवत घेऊन येतं. दोन्ही धैवत असे पाठीला पाठ लावून आलेले ऐकून आजही अंगावर काटा येतो. एबेन क्वार्टेटचं आधुनिक वाद्यांवर ऐका, मग मोझाईकचं. आल्बान बेर्ग क्वार्टेटचं सत्तरच्या दशकातलंही मिळालं तर सोडू नका. बीथोव्हेनच्या ओपस १८ ला हात नंतर घाला, हायडन कानात मुरल्यावर ती आपोआप उघडतात.

एक शेवटचं, ओपस ३३ नंबर २, ज्याचं मी वर सांगितलं. त्याच्या दुसऱ्या भागाच्या मधल्या तुकड्यात हायडननं पहिल्या व्हायोलिनला एकाच बोटानं सरकत जायच्या खुणा दिल्यात, म्हणजे सरळ मींडच, काही ग्रूप त्या भीतभीत गुळगुळीत करून टाकतात आणि काही अगदी लडिवाळपणे घेतात, दुसरे घ्या. आणि शेवटचा भाग ऐकायच्या आधी त्याच्याबद्दल कुठेही वाचू नका, मीही सांगत नाही. एवढंच करा, रेकॉर्डिंग लावलं की फोनची स्क्रीन उलटी करून ठेवा, किती सेकंद उरलेत ते दिसता कामा नये, आणि संपलं असं वाटलं तरी लगेच उठू नका.